एका कडीचे चार शेजारी

दुसऱ्या अंकात सरदाराने तलवार उपसायला उजवा हात वर केला आणि त्याच्या काखेतून कड्या गळायला लागल्या. आधी दोन-चार, मग मूठभर, मग पोतं उसवावं तशी चिलखताची सगळी उजवी बाजू मोकळी झाली. कड्या उड्या मारत पहिल्या रांगेपर्यंत पोचल्या. ॲल्युमिनियमच्या असल्यामुळे त्यांचा आवाजही धड लोखंडासारखा नव्हता, डब्यातून फुटाणे सांडल्यासारखा होता. नट हिमतीचा, त्याने वाक्य पूर्ण केलं. पण शत्रूचा हात लागायच्या आधीच ज्याचं चिलखत गळालं, त्या सरदाराच्या मरणावर कोण रडणार? लोक हसले, ते पडदा पडेपर्यंत हसतच राहिले.

ते चिलखत मी केलं होतं.

आमच्या चिंचवडच्या कॉलनीतलं गणपतीतलं हौशी नाटक. मी निवृत्त होऊन तीनच महिने झाले होते. त्याआधी भोसरीच्या एमआयडीसीत एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढलेली. डाय, जिग, फिक्स्चर हे माझं जग. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून पोरांना फैलावर घेणारा माणूस मी; माझ्या हातचं काम भर स्टेजवर सुटं झालं, याने मला त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी कार्यकर्त्यांनी पिशवीत भरून दिलेल्या कड्या टेबलावर ओतल्या आणि एकेक पाहत बसलो. एकही कडी तुटली नव्हती. सगळ्या उघडल्या होत्या. सळईवर तार गुंडाळायची, कापायची, दोन्ही टोकं पक्कडीने समोरासमोर आणायची, अशी मी ती केली होती. टोकाला टोक टेकलं म्हणजे कडी मिटली, असं मी धरून चाललो होतो.

त्या आठवड्यात पुण्यातल्या एका संग्रहालयात जाऊन शस्त्रांच्या दालनात काचेला नाक लावून उभा राहिलो. आतल्या चिलखतावर मोबाइलचा कॅमेरा मोठा करून धरला, तेव्हा प्रत्येक कडीवर गालावर तीळ असावा तसा एक उंचवटा दिसला. दालनातल्या रखवालदाराने विचारलं, ‘‘काय शोधताय काका?’’ मी म्हटलं, ‘‘रिव्हेट.’’ तो हसला, कारण बहुतेक लोक तिथे रक्ताचे डाग शोधतात.

कड्यांच्या चिलखताची सगळी गोम त्या तिळात आहे. तारेची दोन टोकं समोरासमोर न ठेवता एकावर एक चढवायची, तो भाग ठोकून चपटा करायचा, त्याला भोक पाडायचं आणि त्यातून बारीक रिव्हेट घालून दोन्ही बाजूंनी दाबायचा. मग ती कडी ओढली, तर तार लांबते, वाकडी होते, पण उघडत नाही. अशी प्रत्येक कडी चार शेजारणींमधून जाते. त्या चार पुन्हा आपापल्या चौघींमधून. जुन्या कारागिरांनी यात एक शहाणपणाची काटकसरही केली होती. एक ओळ रिव्हेटच्या कड्यांची, तर दुसरी ओळ मुळातच अखंड कड्यांची. पत्र्यातून कापून काढलेल्या या कड्यांना कुठे सांधाच नाही. प्रत्येक रिव्हेटच्या कडीने चार अखंड कड्या पकडल्या, की जाळं विणलं जातं आणि ठोकायचं काम निम्म्यावर येतं. आपल्याकडच्या काही चिलखतांत या अखंड कड्यांच्या मधोमध आडवी पट्टी असते. ग्रीक थीटा अक्षरासारखी दिसते म्हणून अभ्यासक तिला थीटा कडी म्हणतात. मला ती पाटावरच्या रांगोळीतल्या ठिपक्यासारखी वाटते, पण माझं कोण ऐकणार!

ही रीत केवढी जुनी आहे, ते नंतर वाचलं. रोमानियात चुमेश्ती नावाच्या गावी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या एका केल्टिक योद्ध्याची कबर सापडली, तिच्यात अशा चिलखताचे तुकडे होते. रोमन सैन्याने ते केल्ट लोकांकडून उचललं. डेन्मार्कमध्ये विमोज नावाच्या दलदलीत रोमन काळातलं एक अख्खं चिलखत मिळालं, त्यात सुमारे २०,००० कड्या आहेत. तिथपासून ते मराठे-मोगलांच्या काळापर्यंत आणि त्याच्याही पुढे, दोन हजार वर्षं माणसं तार वळवून, ठोकून, भोक पाडून रिव्हेट घालत बसली. टूलरूमच्या माणसाला हा आकडा नम्र करतो. आमचं डिझाइन तीन वर्षांत जुनं व्हायचं.

मग मी ठरवलं की एक चिलखत खरंखुरं करायचं. घाई करायची नाही, नाटकाला द्यायचं नाही, विकायचं नाही.

तार कुठली घ्यायची इथूनच सुरुवात. हार्डवेअरच्या दुकानातून चकचकीत जी.आय. तार आणली. ती कडक होती, म्हणून नरम करायला गच्चीवर कोळशाच्या शेगडीत लाल होईपर्यंत तापवली. पांढरा धूर निघाला, त्याचं मला काही वाटलं नाही. रात्री नऊच्या सुमारास दात वाजायला लागले, अंगात हुडहुडी, ताप, तोंडात गोडसर धातूची चव. बायकोला वाटलं मलेरिया. मला मात्र अंथरुणात पडल्या-पडल्या आठवलं, की जी.आय. म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा, आणि जस्ताचा धूर छातीत गेला की असाच ताप येतो. गॅल्व्हनायझिंगच्या खात्यातली माणसं आम्ही या तापावरून चिडवायचो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उतरला. हा छंद करावासा वाटणाऱ्यांना मी पहिल्यांदा हेच सांगतो: चकचकीत काहीही तापवू नका.

तेव्हापासून बांधकामावर सळया बांधायला वापरतात ती काळी बाइंडिंग तार घेतो. किलोवर मिळते आणि मुळातच नरम केलेली असते. अठरा गेजची, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड. आठ मिलिमीटरच्या सळईवर तिची स्प्रिंगसारखी गुंडाळी करायची आणि टोकं एकमेकांवर चढतील अशा बेताने कापायची. एक डाय मी स्वतः केली. कडी तिच्या खाचेत ठेवून वरून एक फटका, की चढलेला भाग चपटा. भोक मात्र ड्रिलने पाडायचं नाही. ड्रिल धातू खरवडून बाहेर काढतं आणि एवढ्याशा जागेत तेवढा धातू गमावणं परवडत नाही. टोकदार पंच दाबला की धातू बाजूला सरकतो, कमी होत नाही. हे मला पुस्तकाने शिकवलं नाही, शेदीडशे मोडलेल्या कड्यांनी शिकवलं. अखंड कड्यांसाठी भोसरीतल्या एका मित्राच्या पॉवर प्रेसवर माझ्याच डायने पत्र्यातून वायसर पाडून घेतले. हातोडीने पाडले असते तर जास्त खरं झालं असतं, हे मान्य. पण मी साठ ओलांडलेला आहे.

पहिल्या दिवशी तासाला नऊ कड्या झाल्या. आता तीस होतात. पूर्ण चिलखताला, कोपरापर्यंतच्या बाह्या धरून, माझ्या हिशेबाने २४,००० कड्या लागतील. त्यातल्या १२,००० रिव्हेटच्या, म्हणजे चारशे तास फक्त ठोकाठोकी. तार गुंडाळणं, कापणं आणि चुकलेलं उसवणं वेगळं. हा हिशेब वहीत मांडला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, की जुन्या काळी चिलखत म्हणजे अंगावर घातलेली कुणाची तरी दोन-चार महिन्यांची मजुरी होती. मेलेल्या शत्रूच्या अंगावरून ते का काढून घेत असतील, हे वेगळं सांगायला नको.

वही महत्त्वाची. तिचे मी तीन रकाने पाडले आहेत: पाहिलेलं, वाचलेलं आणि धरून चाललेलं. तिसरा रकाना सर्वांत लांब आहे आणि तोच रोज तपासायचा असतो.

हा तिसरा रकाना न पाडल्याने काय होतं, याचा नमुना म्हणजे सॅम्युअल रश मेरिक. इंग्लंडमधला हा मोठा संग्राहक. १८२४ मध्ये त्याने जुन्या चिलखतांवर भलाथोरला ग्रंथ काढला. मेहनती माणूस, वाद नाही. पण बायूच्या अकराव्या शतकातल्या प्रसिद्ध भरतकामावर सैनिकांची चिलखतं काही ठिकाणी वर्तुळांनी दाखवली आहेत, काही ठिकाणी जाळीसारख्या तिरक्या रेघांनी. मेरिकने एवढ्यावरून वेगवेगळ्या जातींची चिलखतं असल्याचं मानलं आणि त्यांना नावंही दिली. खरं तर चिलखत तेच, कड्यांचं. हजारो कड्या सुईने भरायचा कंटाळा येऊन दोन बायांनी दोन युक्त्या काढल्या असतील, एवढंच. पण मेरिकची नावं पुढे कितीतरी वर्षं पुस्तकांत फिरत राहिली. आपल्याकडची ऐतिहासिक कॅलेंडरं पाहताना मला हटकून मेरिक आठवतो. चित्रकाराने माशाचे खवले काढले म्हणून उद्या कुणी त्यावर प्रबंध लिहू नये म्हणजे झालं.

सात-आठशे कड्यांची पट्टी झाल्यावर अंगाला लावून पाहिली, तर छातीवर बसत होती आणि खांद्यावर गोळा होत होती. दोन दिवस कागदावर आकृत्या काढत बसलो होतो. बायको चहा ठेवायला आली, तिने पट्टी उचलून उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, ‘‘अहो, स्वेटरला आपण काखेत टाके घटवतो आणि खांद्याला वाढवतो. तुम्ही सरळसोट पंचा विणताय. बसेल कसा?’’ झालं. जिथे वाढवायचं तिथे दोघींच्या मध्ये एक जादा कडी अडकवायची, जिथे घटवायचं तिथे एका कडीने चारऐवजी पाच धरायच्या. युरोपातल्या संग्रहालयांत चिलखतांची कडीन्‌कडी मोजून अभ्यासकांनी नेमक्या अशाच वाढत्या आणि घटत्या जागा नोंदवून ठेवल्या आहेत. वहीच्या ‘वाचलेलं’ रकान्यात ते नंतर गेलं. त्याआधी ‘सुनंदा’ असं लिहिलेलं आहे.

मुलगी नोकरीनिमित्त लीड्सला असते. इतर आईबाप लंडनचा पूल पाहतात; मी तिच्याकडे गेल्यावर सामान ठेवून थेट रॉयल आर्मरीज गाठलं. तिकीट नाही, फुकट. तिथे युरोपातल्या राजांची सोन्याने मढवलेली चिलखतं आहेत, पण माझे पाय खिळले ते आपल्या हत्तीपाशी. हत्तीचं अख्खं चिलखत! मोगल घडणीचं. १८०१ मध्ये लेडी क्लाइव्ह ते भारतातून घेऊन गेली. तिचा नवरा मद्रासचा गव्हर्नर होता. आज जे उरलं आहे त्यात ५,८४० पत्रे आहेत आणि वजन ११८ किलो. पूर्ण होतं तेव्हा पत्रे ८,४३९ आणि वजन १५९ किलो भरलं असतं, असा तिथल्या तज्ज्ञांचा हिशेब. लहान-लहान पत्रे कड्यांनी एकमेकांना जोडलेले, मध्ये मोठ्या पत्र्यांवर हत्ती, कमळं, मासे उठवलेले. मी मुलीला म्हटलं, ‘‘बघ, या कड्यांनाही रिव्हेट आहे.’’ ती म्हणाली, ‘‘बाबा, हळू बोला.’’

तिथेच एका गैरसमजाचा निकाल लागला. पोलादी पत्र्यांचं अंगभर चिलखत घातलेला सरदार घोड्यावर चढू शकत नसे, त्याला यारीने उचलून ठेवत, हे आपण कुठेतरी ऐकलेलं असतं. लॉरेन्स ऑलिव्हिएच्या १९४४ च्या ‘हेन्री द फिफ्थ’ या चित्रपटात ते दृश्यच आहे. पण पंधराव्या शतकातल्या लढाईच्या पूर्ण चिलखताचं वजन साधारण वीस-पंचवीस किलो, आणि ते सगळ्या अंगावर वाटलेलं. बूसिको या फ्रेंच सरदाराच्या चरित्रात तर तो चिलखत घालून कोलांटी मारत असे असं लिहिलं आहे. मात्र हलता येतं म्हणजे फुकटात हलता येतं असं नाही. २०११ मध्ये लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी हुबेहूब केलेली चिलखतं घातलेल्या माणसांना चालत्या पट्ट्यावर चालवलं, पळवलं आणि त्यांचा श्वास मोजला. चालायला लागणारी शक्ती दुपटीहून जास्त भरली. पाठीवर तेवढंच ओझं घेतलं असतं तर इतकी लागली नसती. पायांवर जे सात-आठ किलो लोखंड बांधलेलं असतं ते प्रत्येक पावलाला पुढे फेकावं लागतं, त्याची ती किंमत. ती माणसं याच संग्रहालयात लोकांना चिलखत घालून दाखवणारी होती, रोजच्या सरावातली. कुणीतरी हौसेने आणि नेटाने जुन्याबरहुकूम चिलखतं केली नसती, तर हा प्रयोग कशावर झाला असता? हे मी सुनंदाला फोनवर दोनदा सांगितलं.

मुलीने त्या खेपेला एक पुस्तक दिलं, त्याने पुढची दोन वर्षं खाल्ली. बेंग्ट थोर्डेमान या स्वीडिश पुरातत्त्वज्ञाचं, १९३९-४० मध्ये निघालेलं, विस्बीच्या लढाईतल्या चिलखतांवरचं. बाल्टिक समुद्रात गॉटलंड नावाचं बेट आहे. २७ जुलै १३६१ रोजी डेन्मार्कच्या वाल्देमार राजाच्या फौजेने तिथल्या शेतकऱ्यांना विस्बी शहराच्या तटाबाहेर कापून काढलं. दिवस उन्हाळ्याचे. प्रेतं इतक्या लवकर सडायला लागली की लुटायला वेळच मिळाला नाही. अंगावरच्या चिलखतांसकट ती मोठाल्या खड्ड्यांत लोटली, असं थोर्डेमानने मांडलं आहे. जे चिलखत एरवी पिढ्यान्‌पिढ्या वापरून, उसवून, शेवटी भंगारात जायचं, ते त्यामुळे जमिनीत राहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्खननं झाली, अकराशेहून जास्त माणसांचे सांगाडे निघाले. काहींच्या कवट्यांभोवती अजून कड्यांचं टोपडं होतं. नडग्यांवर वारांच्या खुणा कितीतरी, कारण शेतकऱ्यांच्या पायांवर काही नव्हतं.

त्या खड्ड्यांत पत्र्यांच्या बंड्याही मिळाल्या, पंचवीसच्या आसपास. कातड्याच्या किंवा जाड कापडाच्या बंडीला आतून लोखंडी पत्रे रिव्हेटने जोडलेले. बाहेरून फक्त रिव्हेटची डोकी दिसणार. कातडं कुजून गेलं, पत्रे आणि रिव्हेट उरले. कुठला पत्रा कुठल्या बरगडीवर होता, कुठे किती भोकं आहेत, कुठली कडा दुसरीखाली जाते, यावरून थोर्डेमानने नसलेलं कातडं परत उभं केलं. जगभर हा छंद करणाऱ्यांपैकी कितीतरी जणांची पहिली बंडी याच आकृत्यांवरून बेतलेली असते. मीही बेतली. आधी साड्यांच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून, सुतळीने बांधून, आरशासमोर वाकून-उठून पाहिलं. पुठ्ठ्याची आठ रूपं झाली, तेव्हा कुठे पत्र्याला कात्री लावली. ती बंडी पाहून मला एकदम ओळखीचं वाटलं. आपल्याकडे ‘चिलता हजार माशा’ म्हणून एक प्रकार होता: मखमलीच्या अंगरख्यावर शेकडो खिळ्यांची डोकी, म्हणून हजार खिळ्यांचा डगला. गॉटलंडच्या शेतकऱ्याने आणि हिंदुस्थानी सरदाराने एकमेकांचं नावही ऐकलं नसेल. पत्रा कापडाच्या आत लपवला की तो तापत नाही, कमी गंजतो आणि अंगाबरोबर वाकतो, हे दोघांनाही आपापल्या घामाने समजलं असणार. हे वाक्य अर्थात तिसऱ्या रकान्यातलं.

घामावरून आठवलं, चिलखताखाली काय घालायचं? नुसत्या कड्या अंगावर घातल्या तर वार कापणार नाही, पण हाड मोडेल. म्हणून खाली जाड, शिवलेला, थरांचा अंगरखा लागतोच. फ्रान्सच्या अकराव्या लुईने पंधराव्या शतकात सैनिकांसाठी ठरवून दिलं होतं की अशा अंगरख्यात तागाच्या कापडाचे पंचवीस ते तीस थर आणि वर हरणाचं कातडं असावं. ते वाचून मी माझ्या साताऱ्याच्या वहिनीकडे गेलो. वहिनी गोधड्या शिवते. जुन्या धोतरांचे, साड्यांचे थर, सगळीकडून चौकोनी धावदोरा, बोटाएवढ्या अंतरावर ओळी. मी म्हटलं, ‘‘वहिनी, मला अशीच गोधडी पाहिजे, पण बाह्या असलेली.’’ ती म्हणाली, ‘‘भावजी, डोक्यावर परिणाम झालाय तुमच्या.’’ आणि पंधरा दिवसांत शिवून पाठवली. तिने मात्र एक गोष्ट स्वतःच्या मनाने केली, काखेत थर कमी ठेवले. ‘‘नाहीतर हात खाली यायचा नाही,’’ म्हणाली. जुन्या अंगरख्यांच्या काखाही पातळ किंवा उघड्याच दिसतात.

मग भोपळ्याचा प्रयोग. गच्चीवर दोन लाल भोपळे. एकावर नाटकातल्यासारख्या, टोकाला टोक लावलेल्या कड्यांचा तुकडा, दुसऱ्यावर रिव्हेटचा. भाजीच्या सुरीने जोर लावून भोसकलं. पहिल्यात सुरी मुठीपर्यंत गेली, सात कड्या उघडून. दुसऱ्यात टोक बोटभरही गेलं नाही, कडीत अडकून राहिलं. मी खूश. मग सळईने दोन्हींवर एकेक तडाखा दिला, तर रिव्हेटच्या कड्या जशाच्या तशा, आणि आतला भोपळा मधून दुभंगलेला. तिसऱ्या दिवशी वहिनीच्या गोधडीचा तुकडा खाली ठेवून तसाच तडाखा दिला. भोपळ्याला नुसता वळ आला. त्या आठवड्यात घरी भोपळ्याची भाजी, भोपळ्याचे घारगे आणि शेवटी भोपळ्याचं नावही काढायचं नाही असा हुकूम.

१० नोव्हेंबर १६५९. ही तारीख सांगितली की मराठी माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. प्रतापगडाच्या पायथ्याशी भेटीला जाताना महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी टोप घातला होता, हे आपण शाळेपासून ऐकतो. मला छळणारा प्रश्न कारागिराचा होता: अंगरख्याखाली कड्यांचं चिलखत दिसत नसेल, पण ऐकू येत नसेल का? माझं अर्धवट चिलखत गोधडीवर चढवलं, वरून झब्बा घातला आणि घरात फिरलो. पावलागणिक जोंधळे सुपात पाखडल्यासारखा आवाज. सुनंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘आलात का?’’ मग कमरेला शेला घट्ट आवळला. शेला आवळताच दोन गोष्टी झाल्या. खांद्यावरचं निम्मं वजन कमरेवर उतरलं, आणि आवाज एवढा कमी झाला की बाहेर वारा असता तर मलाही आला नसता. महाराजांचं चिलखत कसं होतं याचा पुरावा माझा झब्बा देऊ शकत नाही. पण कंबर कसणे हा वाक्प्रचार मी बासष्ट वर्षं नुसता वापरत आलो होतो.

आता टोपाचं काम चालू आहे. त्यासाठी दर बुधवारी कसब्यातल्या तांबट आळीत जातो. तिथले एक वयस्कर कारागीर तांब्याच्या पत्र्यातून बंब आणि हंडे उठवतात, मठारतात. मी पोलादवाला. त्यांनी तांबं लालभडक तापवून एकदम पाण्यात बुडवलं तेव्हा मी ‘‘अहो अहो’’ म्हणून ओरडलो, कारण पोलाद असं बुडवलं तर कडक होऊन तडकायचं. तांबं बुडवलं तरी मऊच राहतं. ते म्हणाले, ‘‘तुमचं पोलाद रागीट.’’ त्यांच्याकडून मी ऐकायला शिकलो. हातोडी पडली आणि ठण् वाजलं, तर पत्रा खाली टेकला आहे; बद्द वाजलं तर मध्ये पोकळी आहे आणि तो फटका वाया गेला. माझे पहिले तीन टोप गळती लागलेल्या कढईसारखे झाले. चौथा डोक्यात बसतो, पण फक्त माझ्या नातवाच्या.

चिलखत १७,००० कड्यांवर आलं आहे, वजन पाच किलोच्या वर. डावी बाही राहिली आहे. पावसाळ्यात मात्र पंचाईत होते. पिंपरी-चिंचवडच्या दमट हवेत काळ्या तारेवर आठ दिवसांत तांबूस गंज चढतो, आणि कड्यांच्या सांध्यांत ब्रश पोचत नाही. युरोपात यावर जुना उपाय होता. पिंपात वाळू घालायची, थोडा शिरका, त्यात चिलखत टाकायचं आणि पिंप गडगडत न्यायचं. कड्याच एकमेकींना घासून लखलखीत करतात. मी रंगाच्या रिकाम्या वीस लिटरच्या डब्यात नदीची वाळू भरली आणि गच्चीवर डबा पायाने ढकलायला लागलो. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. दुसऱ्या फेरीला आमच्या खालच्या मजल्यावरचे जोशी काका वर आले. त्यांच्या मागोमाग समोरच्या देशपांडे वहिनी, तिसऱ्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा, आणि सोसायटीचे सेक्रेटरी. चौघेही डब्याभोवती उभे राहिले. मी झाकण काढून चिलखत वर उचललं, वाळू झटकली. ऊन पडलं होतं.

जोशी काकांनी ते हातात घेतलं, वजनाने त्यांचा हात खाली गेला. आयटीतल्या मुलाने ताबडतोब अंगात चढवून फोटो काढून घेतला. काखेतून एकही कडी गळली नाही. मी तिकडेच पाहत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टशेजारच्या फळ्यावर खडूने लिहिलेली सूचना होती: ‘गच्चीवर डबा फिरवणाऱ्यांनी दुपारी एक ते चार ही वेळ वगळावी.’